संगीत नाटक आणि इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक : परंपरा चालवण्याचे दोन मार्ग

प्रस्तावना

एखादी कलापरंपरा तिच्या उत्कर्षकाळानंतरही टिकून राहते, तेव्हा नेमके काय टिकते? जुन्या रचना, जुनी वाद्ये, की रचना करण्याची पद्धती? मराठी संगीत नाटकाच्या संदर्भात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुण्याच्या बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक सादर झाले आणि या परंपरेस प्रारंभ झाला. तिच्या आजच्या स्थितीचा विचार करताना इटलीतील एका सर्वस्वी भिन्न संगीतप्रवाहाशी केलेली तुलना उद्बोधक ठरते.

संगीत नाटकातील ऑर्गनचे स्थान

‘शाकुंतल’मध्ये सुमारे दोनशे पदे होती आणि नट स्वतः गात असे. पुढे १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने साथसंगतीस वैभव प्राप्त करून दिले. अहमदजान थिरकवा यांचा तबला, कादरबक्ष यांची सारंगी आणि ऑर्गन असा तो मेळ होता.

ऑर्गनचे भाते पायांनी चालतात, त्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात. हातपेटीत एक हात भात्यात गुंतलेला असतो. शिवाय बहुतेक ऑर्गनमध्ये भाते हवा बाहेर ढकलण्याऐवजी पट्ट्यांतून आत ओढून घेतात. त्यामुळे स्वर मृदू आणि सलग राहतो व नाट्यगृह भरून टाकतो. मात्र ठरावीक बारा स्वरांच्या या वाद्यातून मींड काढता येत नाही. ही उणीव सारंगी भरून काढी. ऑर्गनने स्थिर आधार द्यावा, सारंगीने गळ्याचा मागोवा घ्यावा, अशी ही कार्यविभागणी होती. नाट्यसंगीताचा विशिष्ट नाद या विभागणीतून घडला.

१९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचा आर्थिक पाया ढासळला. तरीही परंपरा खंडित झाली नाही. जयराम व जयमाला शिलेदार यांनी १९४९ मध्ये ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था स्थापून जुनी नाटके रंगमंचावर ठेवली. हे कार्य त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार (निधन २०२२) यांनी पुढे नेले. दुसऱ्या बाजूने, जितेंद्र अभिषेकी यांनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) व ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांसाठी नव्या चाली बांधल्या. पदांची संख्या मर्यादित ठेवून त्यांनी ती कथानकाच्या ओघात बसवली.

इटलीतील समांतर उदाहरण

रॉक संगीताला पाश्चात्त्य सिंफनीसारखी दीर्घ, अनेक भागांची बांधणी देण्याचा प्रयत्न १९७० च्या दशकाच्या आरंभी इटलीत बहरला. प्रीमियाता फोर्नेरिया मार्कोनी, बांको देल मुतुओ सोकोर्सो आणि ले ऑर्मे हे त्यातील प्रमुख वाद्यवृंद होत. त्यांच्या संगीतातही कळफलकाच्या वाद्यांना केंद्रस्थान होते. त्यांपैकी मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टी दाबताच ध्वनिमुद्रित तंतुवाद्यांची सुमारे आठ सेकंदांची फीत वाजते. दशकाच्या उत्तरार्धात हा बहर ओसरला.

पुढील पिढीने मात्र तो नाद पुन्हा जवळ केला. जेनोवातील इल तेम्पिओ देल्ले क्लेस्सिद्रे या वाद्यवृंदाने आपले नाव मुझेओ रोझेनबाख यांच्या १९७३ मधील ‘झरतुष्ट्र’ या ध्वनिमुद्रिकेतील एका भागावरून घेतले. त्याच ध्वनिमुद्रिकेवरील गायक स्तेफानो गालिफी यांनी २०१० मध्ये या नव्या वृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठी गायन केले. जेनोवातीलच ला मास्केरा दि चेरा या वृंदाने २०१३ मध्ये ले ऑर्मे यांच्या ‘फेलोना ए सोरोना’ (१९७३) या कथात्मक रचनेचा उत्तरभाग स्वतंत्रपणे रचला. नाद जुना, परंतु रचना नवी, असे या परंपरानिष्ठेचे स्वरूप आहे.

तुलना

दोन्ही प्रवाहांत काही साम्ये आहेत. दोहोंचा उत्कर्षकाळ संपला, दोहोंची ओळख जुन्या कळफलक-वाद्यांशी जोडलेली आहे आणि त्या वाद्यांची निर्मिती रोडावली. भेद आहे तो परंपरा पुढे नेण्याच्या रीतीत. संगीत नाटकाचा आज मुख्य भर मान्यताप्राप्त संहितांच्या पुनर्प्रयोगांवर आहे. इटालियन वृंद जुन्या वाद्यांवर नव्या रचना करतात. पहिल्या मार्गाने पदे टिकतात, पण अभिषेकींनी दाखवलेली नवनिर्मितीची वाट विरळ होते. दुसऱ्या मार्गाने निर्मिती चालू राहते, पण ती अनुकरणात अडकण्याचा धोका संभवतो.

समारोप

संगीत नाटकाच्या जतनाचा विचार बहुधा संहिता व पदे यांपुरता होतो. ऑर्गनच्या जागी सिंथेसायझर आणल्यास स्वर मिळतात, परंतु पायांच्या दाबाने नटाच्या श्वासाबरोबर कमी-अधिक होणारा आवाज मिळत नाही. म्हणून साथीचे शिक्षण, जुन्या ऑर्गनची दुरुस्ती आणि नव्या संहितांसाठी संगीतरचना या तिन्ही गोष्टी जतनाच्या कक्षेत यावयास हव्यात. महाविद्यालयांतील मराठी व संगीत विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे असे हे कार्य आहे. ‘शाकुंतल’ हीदेखील १८८० मध्ये एक नवी रचनाच होती, हे त्या वेळी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.