नकाशाच्या पाठीवर छापलेला देश

लॅटव्हियाचं पहिलं टपाल तिकीट हातात आलं तर आधी उलटं करून पाहायचं. पुढच्या बाजूला उगवता सूर्य, धान्याची कणसं आणि तीन तारे. मागच्या बाजूला चक्क रस्ते, ओढे, गावांची नावं! १८ नोव्हेंबर १९१८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा कागदाचा ठणठणाट होता. हाताशी होते जर्मन सैन्याचे लष्करी नकाशे. छापखान्याने त्यांच्या कोऱ्या पाठीवर तिकिटं छापली आणि महिनाभरात, १८ डिसेंबरला, ती टपालात आली. एका नकाशावर २२८ तिकिटं. आन्सिस त्सीरुलिस या चित्रकाराच्या सूर्यापेक्षा आज संग्राहकांचा जीव त्या मागच्या नकाशावरच जास्त. पुढे अर्धवट छापलेल्या नोटांच्या पाठीही अशाच कामी आल्या.

लॅटव्हियाच्या राजधानीत, रीगाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातली तैलचित्रं सगळेच बघतात. पण खरी गंमत आहे ती तिकिटं, पोस्टरं अशी कागदावरची चित्रं काढणाऱ्या मंडळींत. (जाता जाता: १९०५ साली उघडलेल्या या इमारतीचा वास्तुविशारद विल्हेल्म नॉयमन हाच तिचा पहिला संचालक. म्हणजे गळकं छप्पर दिसलं तर तक्रार थेट मालकाकडेच!)

या मंडळींचा म्होरक्या रिहार्ड्स झारिन्श. सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी छापखान्यात त्याने वर्षानुवर्षं नोकरी केली. १९१३ साली रोमानोव्ह घराण्याला ३०० वर्षं झाली, तेव्हाच्या राजेशाही तिकिटांच्या चित्रकारांत तो होता. त्या तिकिटांवर झारचाच चेहरा, त्यामुळे त्यावर शिक्का हाणायला पोस्टातले कारकून कचरत, असं सांगतात. पाचच वर्षांनी सोव्हिएत सरकारचं तिकीट निघालं: तलवारीने साखळदंड तोडणारा हात. चित्रकार? पुन्हा झारिन्शच. सरकारं बदलली, टेबल तेच!

मग गडी मायदेशी परतला आणि तिथे १९२९ चं पाच लाट्सचं चांदीचं नाणं त्याच्या हातून घडलं. २५ ग्रॅम वजन, ३७ मिलिमीटर व्यास, त्यावर कणसं खांद्यावर घेतलेली लोकवेशातली तरुणी. लोक तिला लाडाने ‘मिल्डा’ म्हणतात. चेहरा कुणा राजकन्येचा नव्हे, लॅटव्हियाच्या सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या झेल्मा ब्राउएरेचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणारी बाई देशाच्या नाण्यावर विराजमान झाली, हे आम्हा मुद्रितशोधकांच्या जातभाईंना फारच आवडलं. सोव्हिएत काळात अनेक घरांनी ही नाणी जिवापाड जपली. २०१४ पासून लॅटव्हियाच्या एक आणि दोन युरोच्या नाण्यांवर मिल्डाच आहे.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. गुस्ताव्स क्लुत्सिस हा लॅटव्हियन रायफलमन, क्रेमलिनच्या पहाऱ्यावरचा शिपाई आणि फोटोंचे तुकडे जोडून पोस्टर करण्याच्या कलेतला आद्य खेळाडू. स्टालिनच्या योजनांची एकाहून एक जबरदस्त पोस्टरं त्याने केली. स्टालिनच्याच राजवटीने १९३८ मध्ये त्याला गोळी घातली. त्याची पत्नी, चित्रकार वालेंतिना कुलागिना, हिने जपलेल्या कामामुळे आज रीगाच्या संग्रहात क्लुत्सिस भरभरून भेटतो.

कार्लिस पादेग्स हा रीगाचा नंबर एकचा छैलछबीला. काळी हॅट, ऐटदार गळपट्टा, आणि काढायचं काय, तर मशीनगनवाली माता मेरी! क्षयाने अवघ्या २८ व्या वर्षी गेला. वर्माने बागेपाशी आज त्याचा पुतळा आहे, अर्थात हॅटसकट. उलट मुलांच्या पुस्तकांची लाडकी चित्रकार मार्गारिता स्तारास्ते शंभरी गाठून २०१४ मध्ये गेली.

आणि पेतेरिस उपीतिस नावाने फसू नका. एक उपीतिस पुस्तकांवर चिकटवायची नावचिठ्ठी लाकडावर कोरणारा, दुसरा डोबेले गावात लायलॅकची नवनवी वाणं फुलवणारा. दोघं समकालीन, दोघांचेही चाहते उदंड.

या सगळ्यांची कागदावरची चित्रं बघताना संग्रहालयाच्या दालनात उजेड मंद दिसला तर वीज वाचवतात असं समजू नका. कागद आणि शाई प्रकाशाने विटते, म्हणून सुमारे ५० लक्सच्या वर दिवा चढवत नाहीत आणि काही महिन्यांनी चित्रं पुन्हा अंधाऱ्या कपाटात जातात. तेव्हा रीगाला जाणार असाल, तर कागदावरचं प्रदर्शन सुरू आहे ना, हे आधी बघा आणि मगच विमानाचं तिकीट काढा.