एका उंचवट्याची गोष्ट: ऑक्साइडच्या थरांत खरंच भोवरे आहेत का?

हेडफोन लावलेत ना? चला.

फोनमधला फोटो म्हणजे शेवटी शून्य आणि एक. फ्लॅश मेमरीत ते अडकवलेल्या विद्युतभाराने लिहितात, हार्डडिस्कमध्ये चुंबकाच्या दिशेने. स्पिन्ट्रॉनिक्सला इलेक्ट्रॉनचा विद्युतभार तर हवाच, शिवाय त्याचा स्पिनही कामाला लावायचाय. स्पिन म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनकडे असलेली इवलीशी चुंबकसुई समजा.

साध्या लोहचुंबकात शेजारशेजारच्या सुया एकाच दिशेला बघतात. पण 1958 च्या सुमारास झ्यालोशिन्स्की आणि 1960 मध्ये मोरिया यांनी आणखी एक बल मांडलं. ते शेजारच्या सुईला थोडं वळवतं, आणि तेही ठरलेल्या बाजूलाच. शंख आठवा: बहुतेक सगळे एकाच बाजूला पिळलेले असतात, उलट्या पिळाचा क्वचितच. तसंच हे.

यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, वर-खाली सारखं नसणं. दोन वेगळे थर जिथे भेटतात तिथे हे आपोआप होतं. दुसरी, इरिडियमसारखा जड अणू, ज्यात इलेक्ट्रॉनची गती आणि स्पिन घट्ट बांधलेले असतात.

म्हणून 2016 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी स्ट्रॉन्शियम रुथेनेट या चुंबकीय ऑक्साइडचा अतिपातळ थर घेतला आणि त्याला स्ट्रॉन्शियम इरिडेटचा थर जोडला. हॉल व्होल्टेजच्या आलेखात एक जादा उंचवटा दिसला. अर्थ काढला गेला: आत 10-20 नॅनोमीटरचे स्पिनचे भोवरे, म्हणजे स्कर्मिऑन, आहेत. असा भोवरा सहज विस्कटत नाही. एक भोवरा, एक बिट. भारी ना?

पण थांबा. डीबगिंग करताना कधी कधी दोन वेगळे बग लॉगमध्ये अगदी सारखीच ओळ टाकतात. इथेही तसंच झालं. थराची जाडी सगळीकडे सारखी नसेल, तर काही भाग धन हॉल सिग्नल देतो, काही ऋण, आणि दोघं वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्राला पलटतात. बेरीज केली की तसाच उंचवटा! भोवरा एकही नाही.

मग करायचं काय? फक्त आलेखावर विसंबायचं नाही. चुंबकीय सूक्ष्मदर्शकाने भोवरे प्रत्यक्ष बघायचे. शिवाय हा रुथेनेट साधारण 160 केल्विनच्या खाली, म्हणजे उणे 113 अंशांखालीच चुंबक असतो. खिशातल्या फोनला ते कसं चालणार?

तर पुढच्या वेळी ‘स्कर्मिऑन सापडले’ अशी बातमी आली, की एकच विचारा: दिसले, की फक्त उंचवटा दिसला?

भेटू पुढच्या भागात!