डब्यावर सवलत का नाही?

माझे औषधांचे दुकान तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या समोर आहे. १९८७ साली ते सुरू केले. आता काउंटर मुलगा सांभाळतो, पण संध्याकाळची दोन तास मी गल्ल्यावर बसतोच. त्या दोन तासांत महिन्यातून चार-पाच वेळा तरी एक प्रश्न येतो. परवाही आला. पंचविशीतला एक मुलगा, नुकताच बाप झालेला. त्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा आणि एक बाटली मागितली. किंमत ऐकून म्हणाला, "काका, गोळ्यांवर दहा टक्के सोडता ना? मग डब्यावर का नाही?"

मी म्हणालो, "या डब्यावर सूट देऊन गिऱ्हाईक ओढायचे नाही, असा नियम आहे." तो हसला. दुकानदाराची ही नवी हुशारी, असे त्याला वाटले असावे. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. साबणावर, तेलावर, शुगरच्या गोळ्यांवर सवलत चालते. मग लहान बाळाच्या खाण्यावरच सरकारची वक्रदृष्टी का? आजच्या भाषणात मी त्याच प्रश्नाचे उत्तर देणार आहे.

आधी थोडी कबुली देतो. दुकान नवे होते तेव्हा याच डब्यांचा मनोरा मी दर्शनी कपाटात रचला होता. डब्यांवर गुबगुबीत, हसरी बाळे असत. मांडणी चांगली केली म्हणून मला भिंतीवरचे घड्याळ बक्षीस मिळाले होते. ते मी कौतुकाने दुकानात लावले. त्याच सुमारास आमच्या घरी पाळणा हलला. बाळंतपण झाले त्या दवाखान्यातून निघताना ओटीच्या सामानाबरोबर एक डबा हातात ठेवला गेला. मोफत. आम्हाला आनंदच झाला. "दूध कमी पडले तर असू दे" म्हणून आईनेही तो फडताळात ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात मुलगी रात्री रडली आणि डबा उघडला गेला. पोट भरले, ती झोपली, सगळ्यांना हायसे वाटले. मग रोज रात्री एक बाटली, पुढे दुपारीही एक. महिनाभरात बायकोचा पान्हा आटला. फुकटचा डबा केव्हाच संपला होता. पुढचे सगळे मी पैसे देऊन आणले, आणि दुकान माझेच असल्याने ते मोजलेही नाहीत. पावसाळ्यात गढूळ पाणी आले, मुलीला जुलाब सुरू झाले. तीन दिवस तिला सलाइनवर ठेवावे लागले. ती वाचली, आज तिला स्वतःची मुले आहेत. पण ते तीन दिवस मी विसरलेलो नाही.

त्यात पावडरीचाच दोष होता, असे मी म्हणत नाही. अंगावरच्या दुधाचे गणित कसे चालते, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. बाळ जितके चोखते तितके दूध तयार होते. बाळाच्या चोखण्याने आईच्या मेंदूकडे निरोप जातो आणि तिथून दूध बनवण्याची आज्ञा येते. वरच्या दुधाने पोट भरले की बाळ कमी चोखते, निरोप कमी जातो, दूध कमी होते. दूध कमी झाले म्हणून वरचे आणखी वाढवावे लागते. साबणाचा नमुना वापरून पाहिला आणि आवडला नाही, तर आपण जुन्या साबणाकडे परत येतो. इथे परतीची वाट अवघड होत जाते. योग्य मदत मिळाली तर पान्हा पुन्हा आणताही येतो, पण ती मदत किती घरांपर्यंत पोहोचते? म्हणूनच मोफत डबा हा साधा नमुना राहत नाही. तो पुढच्या अनेक महिन्यांचे गिऱ्हाईक तयार करतो.

आणि ते गिऱ्हाईक गरीब असले तर? डबा चार दिवस जास्त पुरावा म्हणून तिथे दोन चमच्यांच्या जागी एक चमचा पडतो. पाणी उकळायला गॅस जपून वापरला जातो. बाटलीचे बूच नीट धुतले जात नाही. डॉ. सिसिली विल्यम्स या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९३९ साली सिंगापूरमध्ये याच विषयावर भाषण केले. दुधाच्या चुकीच्या प्रचारामुळे होणाऱ्या बालमृत्यूंना खून म्हणायला त्या कचरल्या नाहीत. पुढे १९७४ साली ब्रिटनमधल्या एका संस्थेने गरीब देशांतल्या या विक्रीवर पुस्तिका काढली आणि जगभर गदारोळ झाला. अखेर मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने दूधपर्यायांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने ११८ मते पडली, विरोधात एक. ते एक मत अमेरिकेचे होते.

भारताने १९८३ मध्ये स्वतःची संहिता केली. पण संहिता म्हणजे विनंती. तिला दात नसतात. ते आले १९९२ च्या कायद्याने. अर्भक दूधपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि अर्भक आहार यांच्याविषयीचा हा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. २००३ मध्ये तो आणखी कडक केला गेला आणि नव्या तरतुदी १ जानेवारी २००४ पासून अमलात आल्या.

या कायद्याने विक्री बंद केलेली नाही, हे आधी लक्षात घ्या. डबा दुकानात मिळतो आणि मिळायला हवा. ज्या बाळाची आई हयात नाही, ज्या आईला गंभीर आजारामुळे पाजता येत नाही, त्यांना तो लागतोच. बंदी आहे ती गळ टाकण्यावर. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दूधपर्यायाची, बाटलीची आणि बाळाच्या तयार आहाराची जाहिरात करायची नाही. मोफत नमुने, भांडी किंवा भेटवस्तू द्यायच्या नाहीत. विक्रीसाठी गरोदर बाईला किंवा बाळाच्या आईला गाठायचे नाही. दूधपर्यायाच्या डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापायचे नाही आणि आईचे दूधच सर्वोत्तम, हे ठळक लिहायचे. दवाखान्यात फलक लावायचे नाहीत. डॉक्टरांना किंवा त्यांच्या संघटनांना पैसे द्यायचे नाहीत, त्यांच्या परिषदांचा खर्चही उचलायचा नाही. कंपनीच्या माणसाला या मालाच्या खपावर कमिशन द्यायचे नाही. मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अशी शिक्षा या कायद्याने ठेवली.

आता सवलतीकडे येऊ. विक्री वाढवण्यासाठी 'अन्य कोणत्याही प्रकारचे' आमिष दाखवू नये, असे आपला कायदा म्हणतो. आंतरराष्ट्रीय संहिता तर नावे घेऊन सांगते: सवलतीची कुपने, खास सेल, एका वस्तूबरोबर दुसरी वस्तू, दुकानातली खास मांडणी, काहीही नको. म्हणजे माझ्या घड्याळाचा मनोराही त्यात आला.

इथे त्या तरुण बापाचा खरा मुद्दा येतो. ज्याला डबा घ्यावाच लागतो, त्याने पूर्ण पैसे का मोजायचे? हा प्रश्न मला आजही टोचतो. संहितेने त्याचा विचार केलेला आहे. किंमत कायमची, सर्वांसाठी कमी ठेवायला तिची हरकत नाही. हरकत आहे ती 'आज घ्या, उद्या मिळणार नाही' या घाईला. कायम स्वस्त असलेला डबा गरजवंताला उपयोगी पडतो. चार दिवसांच्या सवलतीचा डबा गरज नसलेल्याच्याही घरात शिरतो आणि फडताळात वाट पाहत बसतो, आमच्या घरी बसला होता तसा. म्हणून गरिबाच्या बाजूने बोलायचे तर मूळ किंमत उतरावी, अशी मागणी करावी. सेल मागू नये.

आपल्या महाराष्ट्राचा या कामाशी जवळचा संबंध आहे. स्तनपानाच्या बाजूने देशभर काम करणारे 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' १९९१ साली वर्ध्यात स्थापन झाले. त्याला आणि मुंबईच्या 'अ‍ॅकॅश' या ग्राहक संस्थेला या कायद्याखाली तक्रार करण्याचा अधिकार सरकारने दिला. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू झाली, ती आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचे दूध मिळत नसेल तर दुसऱ्या आईने दिलेले दूध मिळू शकते, हे तिथे दाखवून दिले गेले.

कायद्याने सगळे साधले का? नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावर पिणारी बाळे ६३.७ टक्के आढळली. आधीच्या पाहणीत ती ५४.९ टक्के होती. वाढ समाधानाची आहे. पण जन्मानंतर तासाभरात छातीशी लावलेली बाळे अजून निम्मीही नाहीत. पळवाटाही आहेत. दोन वर्षांपुढच्या मुलांच्या पावडरीला हा कायदा लागू नाही. तिचे नाव आणि डब्याचा रंग तोच ठेवला की जाहिरात मोठ्या भावाची होते आणि ओळख धाकट्याची पटते. माझ्या काउंटरवरचा फलक निरीक्षकाला दिसतो. मोबाइलच्या पडद्यावर एकेका आईला दिसणारी सवलत कोण मोजणार?

त्या मुलाला मी विचारले, "वरचे दूध कोणी सांगितले?" तो म्हणाला, "कोणी नाही. बाळ सारखे रडते, पोट भरत नसेल असे घरचे म्हणतात." बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करते का, वजन वाढते आहे का, एवढे दोनच प्रश्न मी विचारले. लघवी होत होती, वजन केलेले नव्हते. "आधी ग्रामीण रुग्णालयात वजन करून घ्या, सिस्टरला पाजण्याची पद्धत दाखवायला सांगा. डॉक्टरांनी लिहून दिले तर डबा इथेच आहे. आणि बाटली नकोच, वाटी-चमचा बरा," असे मी सांगितले.

तो गेला. पुन्हा आला नाही. दुसऱ्या दुकानातून त्याने डबा घेतलाही असेल. एक विक्री गेली म्हणून मुलगा माझ्यावर थोडा नाराज झाला. त्याला मी ते घड्याळ दाखवले. बंद पडून वर्षे झाली, पण मी ते भिंतीवरून काढलेले नाही.