वाईटाची गोडी

भुकेने कासावीस झालेल्या माणसाने भाकरी चोरली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? चोरच म्हणाल; पण म्हणताना आवाज जरा खाली येईल. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात ‘नीतिसूत्रे’ नावाचे एक पुस्तक आहे, त्याच्या कर्त्यालाही तसेच वाटलेले दिसते. सहाव्या अध्यायात तो सांगतो की, पोटासाठी चोरी करणाऱ्याला लोक तुच्छ लेखीत नाहीत. मात्र सापडला, तर भरपाई सातपट. मग त्यापायी घरातले होते नव्हते ते सारे गेले तरी चालेल. दंड आहे, पण तिरस्कार नाही.

आता ह्याच पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. तिथे निराळीच माणसे भेटतात. त्यांच्या भुकेचा उल्लेख नाही, गरजेचा नाही, कुणी त्यांच्यावर केलेल्या अन्यायाचाही नाही. ती वाईट करतात, कारण वाईट करण्यात त्यांना आनंद वाटतो. एरवी शांतपणे चार व्यवहाराच्या गोष्टी सांगणारा हा कर्ता इथे एकदम सावध होतो आणि ऐकणाऱ्या मुलाचा हात धरून त्याला मागे ओढतो. ही माणसे इतकी भयंकर का वाटावीत, हे आज आपण जरा सावकाश पाहू.

आधी पुस्तकाविषयी दोन शब्द. अध्याय एकतीस. नाव शलमोन राजाचे. पण सगळे एका हातचे नव्हे. पंचविसाव्या अध्यायाच्या मथळ्यातच नोंद आहे की, पुढची सूत्रे यहूदाचा राजा हिज्कीया ह्याच्या माणसांनी उतरवून काढली. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाची अखेर. आणखी एक गंमत अशी, की बाविसाव्या ते चोविसाव्या अध्यायांतला काही भाग आमेनेमोपे नावाच्या मिसरी लेखनिकाच्या उपदेशाशी फार जुळतो. त्याची पपायरसची गुंडाळी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती १९२३ साली छापून निघाली आणि पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान ह्या जर्मन पंडिताने हे साम्य दाखवून दिले. तेव्हा हे पुस्तक म्हणजे गर्जना करणाऱ्या संदेष्ट्यांची वाणी नव्हे. बाप मुलाला किंवा गुरू शिष्याला घरात बसून सांगेल, तशा ह्या गोष्टी आहेत. राजदरबारी, बाजारात, वेशीपाशी माणसे कशी वागतात, हे पुष्कळ वर्षे पाहिलेल्यांचे हे शहाणपण.

अशा माणसांनी शब्द निवडले की ते जपून निवडलेले असतात. दुसऱ्या अध्यायात ‘आनंद’ ह्या अर्थी मूळ हिब्रूत जे दोन धातू योजले आहेत, त्यांतल्या एकावरून ‘सिमहा’ हे नाम होते आणि दुसऱ्यावरून ‘गील’. सिमहा म्हणजे सणासुदीचा आनंद. धर्मशास्त्राने सणाच्या दिवशी मुलेबाळे, गडीमाणसे, परका, विधवा ह्या सर्वांसह आनंद करावा असे सांगितले आहे, तो हाच. आणि यशया संदेष्टा सुगीच्या हर्षाची उपमा देतो, तिथे हे दोन्ही धातू पुन्हा शेजारी शेजारी येतात. खळ्यावर रास पडली म्हणजे कुणब्याच्या तोंडावर जे समाधान दिसते, तेच ह्या लोकांच्या तोंडावर दिसते. फक्त रास कसली, ते पाहायचे. नीतिसूत्रांचा कर्ता त्या आनंदाला खोटा म्हणत नाही. तो खराच आहे, आणि म्हणूनच तो घाबरला आहे.

चौथ्या अध्यायात त्याने ह्याच गोष्टीचे दुसरे अंग दाखविले आहे. ह्या मंडळींना दिवसभरात कुणाचे वाईट केल्याशिवाय झोप लागत नाही. दुष्टपणा हे त्यांचे अन्न आणि जुलूम हा त्यांचा द्राक्षारस, असे तो म्हणतो. तंबाखूची सवय जडलेला माणूस पाहिला असेल तुम्ही. प्रथम तो शौकाने मळतो; मग मळल्यावाचून त्याला सुचत नाही, आणि तेव्हा शौकही फारसा उरलेला नसतो. गरजेपोटी वाईट करणारा गरज भागली की थांबण्याचा संभव असतो. ज्याला गोडी लागली, त्याने कुठे थांबावे? पोट भरण्याला माप आहे. हौस भागण्याला नाही. शिवाय पश्चात्तापाची वाटही त्याच्यापुरती बंद झाली. पापाबरोबर येणारी टोचणी हीच माणसाला परत फिरविते. इथे टोचणीच्या जागी आनंद येऊन बसलेला.

लाभाशिवायचे पाप असते, हे ह्या ग्रंथांना पक्के ठाऊक होते. लेवीय नावाच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, एक आज्ञा आहे: बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आणि आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. थोडा विचार करून पाहा. आंधळ्याला पाडून कुणाच्या पदरात काय पडणार? बहिऱ्याला तर ती शिवी ऐकूही जायची नाही. पाहणाऱ्याला हसू येते, एवढाच काय तो नफा. तरीसुद्धा ह्याविरुद्ध आज्ञा द्यावी लागली! पुढे यहुदी शास्त्र्यांनी तिचा अर्थ वाढविला आणि ज्याला एखाद्या बाबतीत काही कळत नाही त्याला जाणूनबुजून चुकीचा सल्ला देणे, हेही आंधळ्यापुढे धोंडा ठेवणेच ठरविले. वर सांगितलेल्या आमेनेमोपेनेही बजावले आहे की, आंधळ्याला हसू नये, ठेंगण्याला चिडवू नये, लंगड्याच्या कामात मोडता घालू नये. मिसर काय आणि यरुशलेम काय, गल्लीतली पोरे सगळीकडे सारखीच असावीत.

आपल्याकडे भर्तृहरीलाही हे कोडे पडले होते. वामनपंडितांच्या समश्लोकीमुळे त्याचे नीतिशतक मराठी घरांत पोचले, तेव्हा तो श्लोक पुष्कळांच्या कानांवरून गेला असेल. माणसांच्या प्रती लावताना स्वार्थासाठी दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्याला तो राक्षस म्हणतो. पण स्वतःचा काहीच लाभ नसता जो दुसऱ्याचे वाटोळे करतो, त्याला काय नाव द्यावे हे आपल्याला ठाऊक नाही, असे म्हणून तो हात टेकतो. हिब्रू कर्त्यांनी नाव दिले आहे. ‘लेत्स’, म्हणजे टवाळ, उपहास करणारा. त्याच्यासमोर ते एका भोळ्या पोराला उभे करतात. त्या पोराचे नाव ‘पेती’: अजून कच्चा, कुणीही वळवावा तिकडे वळणारा. टवाळाला शिकविण्याची आशा ह्या पुस्तकाने जवळजवळ सोडलेली आहे. टवाळाला शासन झाले, तर ते पाहून भोळा शहाणा होतो, असे एका सूत्रात म्हटले आहे. सगळा रोख त्या भोळ्यावर आहे.

आणि भोळ्याला ओढायचे कसे, तेही पहिल्याच अध्यायात दाखविले आहे. टोळी त्याला बोलावते. लूट मिळेल, घरे भरू, हे आमिष आहेच. पण त्याबरोबर सर्वांची मिळून एकच थैली असेल, असेही वचन आहे. माझ्या मते खरा गळ तो. पैशापेक्षा ‘तू आमच्यातला’ हे ऐकण्याची भूक त्या वयात मोठी. आणि निरपराध माणसावर दबा धरायचा तो कशासाठी, तर ‘हिन्नाम’, म्हणजे विनाकारण. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत वाढलेला ऑगस्टीन आपल्या आत्मचरित्रात सांगतो की, सोळाव्या वर्षी सोबत्यांबरोबर त्याने शेजारच्या झाडाची नासपती चोरली. फळे काही मोठी चांगली नव्हती. बहुतेक डुकरांपुढे टाकली. मौज चोरण्याची होती. पुढे तो कबूल करतो की, एकट्याने आपण ते कधीच केले नसते.

आता त्या हसण्याकडे वळू, कारण नीतिसूत्रांनी त्यावर विशेष बोट ठेवले आहे. हिब्रूत ‘सहोक’ म्हणजे हसणे, खेळ, थट्टा. दहाव्या अध्यायात मूर्खाला दुष्कर्म म्हणजे सहोक वाटते, असे म्हटले आहे. सव्विसाव्या अध्यायात त्याच धातूचा शब्द पुन्हा येतो: शेजाऱ्याला फसवून वर आपण तर थट्टा करीत होतो असे सांगणारा माणूस, जळती कोलिते आणि बाण फेकीत सुटलेल्या वेड्यासारखा आहे. तुम्ही-आम्ही हा बचाव पुष्कळदा ऐकला आहे. वसतिगृहात नव्या मुलाला रात्रभर छळून सकाळी ‘गंमत होती, सर’ म्हणणारे काय थोडे आहेत? महाराष्ट्राला १९९९ साली रॅगिंगविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. कोलिताने घर पेटले म्हणजे ते हसत फेकले की रागाने, हे घर विचारीत नाही.

ह्याच धातूची एक गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. गिबोनच्या तळ्याकाठी दोन सैन्ये समोरासमोर बसली होती. इकडे दावीदाचा सेनापती यवाब, तिकडे शौलाच्या घराण्याचा अबनेर. अबनेर म्हणाला, तरुण पोरांनी उठून आपल्यासमोर जरा खेळ करावा. ‘खेळ’ ह्या जागी शब्द तोच. दोन्हीकडून बारा-बारा उठले. प्रत्येकाने समोरच्याचे डोके धरले, कुशीत तलवार खुपसली आणि चोवीसच्या चोवीस एकदम पडले. मग जी लढाई पेटली, तीत संध्याकाळपर्यंत दावीदाकडचे वीस आणि अबनेरकडचे तीनशे साठ मेले. उन्हे उतरताना टेकडीवरून ओरडून, ही तलवार कायमच खात राहणार काय, असे विचारणारा कोण? तोच अबनेर. त्या दिवशी त्याच्या हातून यवाबाचा भाऊ असाएल मारला गेला होता, आणि यवाबाने पुढे त्याचा सूड घेतला. गिबोनची जागा म्हणजे आजचे अल-जीब, यरुशलेमच्या वायव्येस. जेम्स प्रिचर्ड ह्या अमेरिकन संशोधकाने १९५६पासून तिथे उत्खनन केले. गावाचे नाव कोरलेले मडक्यांचे कान निघाले, आणि खडकात खोदलेला, कडेने पायऱ्या असलेला सुमारे ३५ फूट खोल गोल हौदही निघाला. ते तळे हेच असावे असे अनेकांना वाटते.

इथवर वाचताना आपण मनाशी म्हटले असेल की, हे सारे इतरांविषयी चालले आहे. आपण कुणाला पाडीत नाही, छळीत नाही. पण त्या खेळाच्या वेळी काठावर बसून पाहणारेही होते ना? हिब्रू ग्रंथ त्यांना सोडीत नाहीत. ओबद्या नावाचे एक संदेष्ट्याचे पुस्तक आहे. सबंध हिब्रू बायबलात सर्वांत लहान, अवघी एकवीस वचने. यरुशलेम लुटले जात असताना शेजारच्या अदोम राष्ट्राने काय केले, त्याचा पाढा त्यात वाचला आहे, आणि त्या पाढ्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिला आरोप लुटीचा नव्हे. आधी अदोम बाजूला उभा राहिला. मग त्याने भावाच्या विपत्तीकडे टक लावून पाहिले. मग आनंद केला, मग तोंड वाजविले. त्यानंतर वेशीतून आत शिरला, मालमत्तेला हात घातला, आणि शेवटी चवाठ्यावर उभे राहून पळणाऱ्यांना अडविले, उरलेल्यांना शत्रूच्या हवाली केले. पाहण्यापासून पकडून देण्यापर्यंत मध्ये कुठेही मोठी उडी नाही. आज रस्त्यावर कुणाला मार बसत असता खिशातून मोबाइल काढणारा हात पाहिला, की मला अदोमची ती दुसरी पायरी आठवते.

आणि ज्याने आपले खरोखर वाईट केले, त्या वैऱ्याचे काय? तो पडला तर हसायला हरकत आहे? नीतिसूत्रांचा चोविसावा अध्याय तिथेही नको म्हणतो. कारण मात्र मोठे चमत्कारिक दिले आहे: तुझा तो हर्ष देवाला आवडणार नाही, आणि मग तो वैऱ्यावरचा आपला कोपच काढून घेईल. म्हणजे तुझ्या हसण्याने वैरी सुटेल! हे कारण पुष्कळ टीकाकारांना कोते वाटले आहे. मला त्यात त्या अनुभवी बापाचा मिस्कीलपणा दिसतो. मुलाला उदात्त तत्त्व पचणार नाही, हे ओळखून तो त्याच्याच हिशेबात त्याला पकडतो आहे. ईयोबाने आपण निर्दोष असल्याची शपथ घेतली, तेव्हा त्यानेही आपण द्वेष करणाऱ्याच्या नाशाने कधी हरखलो नाही, हे मुद्दाम सांगितले.

पुढच्या शास्त्र्यांनी हा धागा सोडला नाही. मिसरचे सैन्य समुद्रात बुडाले तेव्हा देवदूत गाणे म्हणू लागले, आणि आपल्या हातची लेकरे बुडत असता तुम्हांला गाणे कसे सुचते, अशा अर्थाने देवाने त्यांना गप्प केले, अशी कथा तालमुदात आहे. वल्हांडण हा त्याच सुटकेचा सण. आपल्या कोकणातले बेने इस्राएल तो पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आले, आणि त्या रात्रीचा पाठ हिब्रू-मराठीत १८७४ साली पुण्यात छापला गेला. सणाच्या पहिल्या दिवसानंतर स्तुतिस्तोत्रे पुरी न म्हणता अर्धीच म्हणतात. ह्या प्रथेची जी कारणे दिली जातात, त्यांत बुडालेल्या मिसऱ्यांचे एक आहे, आणि त्याला आधार म्हणून चोविसाव्या अध्यायातले हेच सूत्र दाखवितात.

हे सूत्र सतत तोंडी असलेला एक शास्त्री होऊन गेला. त्याचे नाव शमुवेल, आणि लोक त्याला ‘धाकटा’ म्हणत. ‘पितरांची वचने’ ह्या संग्रहात बाकीच्या गुरूंची स्वतःची बोधवचने आहेत. ह्याच्या नावावर मात्र नीतिसूत्रांतला हा उतारा तेवढा आहे. पुढे पाखंड्यांविरुद्ध एक कडक प्रार्थना रचायची होती. गमालीएल ह्या श्रेष्ठ गुरूने, ती कोण रचू शकेल, असे सभेत विचारले, तेव्हा उठला तो हाच शमुवेल; आणि त्याने ती रचली. दुसऱ्या वर्षी लोकांपुढे तीच प्रार्थना म्हणायला तो उभा राहिला, तर ती त्याला आठवेना. दोन-तीन तास तो तसाच आठवीत उभा होता. कुणीही त्याला तिथून हलविले नाही.