लॉगबुकात नसलेली एकविसावी प्रसूती

मागच्या महिन्यात एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगराच्या बाजूला जे पाडे आहेत, त्यातल्या एका पाड्यावरची. जीएनएम पूर्ण झालेलं, नोकरीची मुलाखत आठ दिवसांवर आलेली. हातात निळी प्लास्टिकची फाईल, एका हातात मावणार नाही इतकी जाड. "सर, एकदा बघा ना, काही राहिलं असेल तर," ती म्हणाली. वडील दाराशीच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

फाईल नीट लावलेली होती. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता, तिन्ही वर्षांचे निकाल, कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र. मग सोनेरी किनारीची दहा-बारा प्रमाणपत्रं, कुठल्या ना कुठल्या कार्यशाळेला हजर राहिल्याची. सगळ्यात खाली लॉगबुक. त्यात तिने केलेल्या प्रसूतींच्या 20 नोंदी होत्या. सगळ्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. सगळ्या बायका व्यवस्थित मोकळ्या झालेल्या, सगळी बाळं जन्मतःच रडलेली आणि प्रत्येकाचं वजन अडीच ते तीन किलोच्या मध्ये. आपल्या आदिवासी पट्ट्यात 20 बाळंतपणांत एकही बाळ अडीच किलोच्या खाली नाही, हे मला खटकलं. प्रत्येक नोंदीखाली सही मात्र होती.

मी विचारलं, "यातली तुला कुठली आठवते?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आठवते ती यात नाहीये सर."

ती गोष्ट अशी. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती एका रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात रात्रपाळीला होती. पहिलटकरीण बाई, कळा सुरू होऊन बराच वेळ झालेला. हिच्याकडे काम एकच, दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके मोजायचे. पहाटेच्या सुमारास कळ ओसरल्यावर हिने ठोके मोजले ते 100 भरले. मिनिटाला 110 ते 160 हे बरोबर, एवढं तिला पाठ होतं. आपलंच चुकलं असेल म्हणून तिने पुढच्या कळेनंतर घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर पुन्हा मोजले. 98. ती धावत सिस्टरांकडे गेली. बाईला डाव्या कुशीवर वळवलं, डॉक्टरांना उठवलं, 108 ची गाडी बोलावली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथे सिझेरियन झालं. बाळ जगलं, असं तिला दोन दिवसांनी कळलं.

प्रसूती तिच्या हातून झाली नव्हती, त्यामुळे लॉगबुकात तिला रकानाच नव्हता. तीन वर्षांत तिच्या हातून झालेलं सगळ्यात मोलाचं काम जाड फाईलमध्ये कुठेही नव्हतं. जे होतं त्यातलं बरंचसं एकमेकींचं बघून उतरवलेलं.

मुलीला बोलावं असं माझ्या मनात नव्हतं. याआधीच्या नेमणुकांमध्ये मीही विद्यार्थिनींच्या वह्यांवर ओपीडीच्या गर्दीत, पान न वाचता सह्या केल्या आहेत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात 15 मुली रांगेत उभ्या असतात, प्रत्येकीच्या हातात वही उघडी असते आणि आपण पेन चालवतो. नोंद करणं म्हणजे कोटा भरणं, हे त्यांना कुणी तरी शिकवलं असेल, तर त्यात आम्हीही आहोत.

नर्सिंगच्या शिक्षणात आता 'पोर्टफोलिओ' हा शब्द वरचेवर ऐकू येतो. मुली त्याला सरळ फाईल म्हणतात आणि तेच बरं आहे. या फाईलचे दोन भाग असतात, हे मात्र फार थोड्या जणींना माहीत असतं. एक भाग कागदपत्रांचा आणि दुसरा कामाचा. पहिला जाड होत जातो, दुसरा कोरा राहतो.

कामाचा भाग कसा लिहायचा? मी तिला सांगितलं की आकड्यासमोर तीनपैकी एक शब्द लिही: पाहिलं, मदतीने केलं, स्वतः केलं. शिरेत सुई घालणं, कॅथेटर, नवजात बाळाला श्वास देणं, टाके, सगळ्याला हीच मोजपट्टी लावायची. रात्रपाळीला एकटीवर वॉर्ड सोपवायची वेळ येते तेव्हा इन्चार्ज सिस्टरला हेच जाणून घ्यायचं असतं. 'नवजात पुनरुज्जीवन 5' असं लिहिलेलं असेल आणि पाचही वेळा मुलगी भिंतीला टेकून उभी असेल, तर ज्या रात्री बाळ रडणार नाही त्या रात्री त्या पाच आकड्याचा कुणालाच उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, दर महिन्याला एखादा प्रसंग अर्ध्या पानात लिहायचा. काय झालं, मी काय केलं, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. बाळाचा श्वास मोजण्याचंच घ्या. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त असेल तर तो जलद मानतात. दोन महिने ते एक वर्ष, 50. एक ते पाच वर्षं, 40. हे पुस्तकात आहे. पण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच घाई करतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर 48 ही येऊ शकतात आणि 68 ही. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं, बाळ शांत असताना मोजायचं आणि जास्त आलं तर पुन्हा मोजायचं. हे जिने एकदा चुकून शिकलं, तिने ती चूक फाईलमध्ये लिहावी. चूक लिहिली तर नोकरी मिळणार नाही, अशी मुलींना भीती वाटते. मुलाखत घेणाऱ्यांत मीही कधी कधी बसतो, आणि स्वतःची चूक सांगू शकणारी मुलगी मला सहसा सोडवत नाही.

ब्रिटनमध्ये एप्रिल 2016 पासून प्रत्येक नर्सला दर 3 वर्षांनी नोंदणी टिकवण्यासाठी हेच करावं लागतं. किमान 450 तास प्रत्यक्ष काम, 35 तास शिक्षण आणि त्यातले 20 तास इतरांबरोबर, कामाबद्दल इतरांनी दिलेले 5 अभिप्राय आणि स्वतः लिहिलेल्या 5 अनुभव-नोंदी. त्या नोंदींवर दुसऱ्या नोंदणीकृत नर्सशी बसून बोलावंही लागतं. परदेशी जायचं नसलं तरी ही पद्धत घेण्यासारखी आहे.

आणि आपल्याकडे ती नवी आहे असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. काम करणाऱ्या त्या-त्या गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या स्त्रिया. त्या बाळाचं वजन करत, श्वास मोजत, ताप बघत आणि सगळं लिहून ठेवत. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या नोंदी वरकरणी सजवलेल्या असत्या, तर जगाने त्या कामाकडे पाहिलंही नसतं.

आता कागदांचं थोडक्यात. लग्नानंतर नाव बदलतं आणि गुणपत्रिका एका नावाची, नोंदणी दुसऱ्या नावाची होते. यात कितीतरी जणींची नोकरी अडलेली मी पाहिली आहे. नाव बदलायचंच असेल तर राजपत्रातल्या सूचनेची प्रत फाईलमध्ये हवी. बाहेरच्या देशात अर्ज करताना विषयवार तासिका आणि वॉर्डवार तास असलेलं पत्रक मागतात. ते शिकत असतानाच संस्थेकडून घेऊन ठेवावं, कारण दहा वर्षांनी संस्था बंद पडलेली असू शकते. 1947 च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा 2023 मध्ये झाला. त्यात सगळ्या नर्सेसची ऑनलाइन नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे, म्हणजे नावाचं स्पेलिंग पुढे आणखीच महत्त्वाचं ठरणार. हेपेटायटिस बी च्या तीन डोसांची नोंद (पहिला डोस, मग 1 आणि 6 महिन्यांनी) आणि शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी केलेल्या रक्ततपासणीचा अहवालही फाईलमध्ये ठेवा. सुई टोचली की पहिला प्रश्न तोच असतो. सोनेरी किनारीच्या प्रमाणपत्रांपैकी निम्मी घरी ठेवली तरी चालतील.

एक गोष्ट मात्र मला कडक सांगावी लागली. तिच्या फाईलमध्ये सिकलसेल तपासणी शिबिराचा अहवाल होता. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झाल्यापासून आदिवासी भागांत अशी शिबिरं वाढली, आणि विद्यार्थिनी त्यात खूप राबतात. अहवालात तिने नावं गाळली होती, पण पाड्याचं नाव, वय आणि 'वाहक' हा शब्द ठेवला होता. 40 घरांच्या पाड्यात 17 वर्षांची मुलगी म्हटलं की नाव घ्यावंच लागत नाही. वाहक मुलगी स्वतः आजारी नसते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. पण लग्न मोडायला इतकं गणित कुणी करत नाही. ते पान आम्ही काढलं. त्याऐवजी 'तालुक्यातील एक पाडा, किशोरवयीन' एवढंच लिहायला सांगितलं. पेशंटचे फोटो तर फाईलमध्येही नकोत आणि मोबाइलमध्येही नकोत.

मग मी विचारलं, "भाषा कुठल्या येतात हे का लिहिलं नाहीस?" तिला हसू आलं. घरी कोकणी, बाजारात अहिराणी, शेजारी मावची आणि शाळेत मराठी. यात लिहिण्यासारखं काय, असं तिला वाटत होतं. 'पोटमा दुखस' एवढंच सांगून गप्प बसणाऱ्या म्हातारीला पुढचे चार प्रश्न विचारता येणं हे कौशल्य आहे. शहरातून बदली होऊन आलेल्या डॉक्टरला ते यायला दोन वर्षं लागतात, आणि काहींना येतच नाही. चारही भाषा पहिल्या पानावर लिहायला लावल्या.

शेवटी त्या 20 नोंदींचा प्रश्न उरला. सही झालेल्या पुस्तकात आता खाडाखोड करायची नाही, असं मी तिला बजावलं. वेगळा कागद घेऊन बस म्हटलं. खोलीतल्या बाकावर बसून तिने बोटांवर मोजलं. स्वतःच्या हाताने 6, मदतीने 9, नुसत्या पाहिलेल्या 5. तो कागद तिने फाईलमध्ये लॉगबुकाच्या वर लावला. मग आणखी एक कागद घेऊन त्या पहाटेची नोंद लिहायला घेतली: बाईचं वय, कितवी खेप, किती वाजता ठोके किती भरले, कुणाला कळवलं, गाडी किती वाजता निघाली. वडील एव्हाना आत येऊन तिच्या शेजारी बसले होते आणि ती काय लिहिते ते बघत होते. बाळाच्या वजनाच्या रकान्याशी ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, आणि 'माहिती मिळाली नाही' असं लिहिलं.