वसंताच्या अखेरीस दिल्लीची बाग

राष्ट्रपती भवनाचे उद्यान दरवर्षी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांसाठी खुले होते. एडविन ल्युटेन्स यांनी आखलेल्या व डब्ल्यू. आर. मुस्टो यांनी झाडाफुलांनी सजविलेल्या या उद्यानास २०२३ पासून ‘अमृत उद्यान’ असे नाव आहे. फुलांचे ताटवे पाहून प्रेक्षक परततात आणि दरवाजे बंद होतात. माळ्याचे एक महत्त्वाचे काम नेमके त्यानंतर सुरू होते. हीच गोष्ट दिल्लीतील लहानमोठ्या प्रत्येक बागेला लागू आहे. पुढील हिवाळ्यात बाग फुलणार की नाही, हे पुष्कळ अंशी चैत्र-वैशाखातील थोड्या आठवड्यांत ठरते.

याचे कारण दिल्लीच्या हवामानात आहे. मार्चमध्ये दिवसाचे सरासरी कमाल तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एप्रिलमध्ये ते ३६ अंशांच्या पुढे जाते आणि मे महिन्यात ४० अंशांच्या घरात पोहोचते. २९ मे १९४४ रोजी सफदरजंग वेधशाळेत ४७.२ अंश तापमान नोंदले गेले होते. पश्चिमेकडून, राजस्थानच्या बाजूने येणारा ‘लू’ नावाचा कोरडा, तप्त वारा पानांतील ओलावा शोषून घेतो. महाराष्ट्रात वळवाच्या सरी मे महिन्यात जमिनीला थोडाफार दिलासा देतात. दिल्लीत त्या काळात बहुधा धुळीची आंधीच येते, आणि पावसाळा जूनच्या अखेरीपर्यंत पोहोचत नाही. हिंदुस्थानातील उष्मा, वारा आणि धूळ यांचा जाच बाबरानेही आपल्या आत्मचरित्रात नमूद केला आहे. आग्र्यास आल्यावर त्याने प्रथम बागा व पाण्याची सोय करण्याकडे लक्ष दिले, ते यामुळेच.

बी धरणे

हिवाळी फुलझाडे एप्रिलमध्ये वाळू लागतात. ती घाईने उपटून टाकू नयेत. फ्लॉक्स, पॅन्झी, लार्कस्पर, कॅलेंड्युला, नॅस्टर्शियम इत्यादींचे उत्तम, निरोगी झाड निवडून त्याचे बी धरावे. फ्लॉक्स आणि पॅन्झी यांची बोंडे पक्व होताच तडकतात व बी दूर उडते. म्हणून बोंडांचा रंग गवती पिवळा होऊ लागताच ती सकाळच्या वेळी खुडून कागदी पिशवीत ठेवावीत. विकत आणलेल्या पहिल्या पिढीच्या संकरित वाणाचे बी मात्र ठेवू नये, कारण त्यापासून मूळ झाडासारखी फुले येतीलच असे नाही.

बी सावलीत चांगले सुकवावे. बियांतील ओलावा एका टक्क्याने कमी झाला, तर त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले, तरीही तसाच लाभ होतो, असा बीजशास्त्रातील एक ढोबळ नियम आहे. म्हणून सुकलेले बी घट्ट झाकणाच्या बाटलीत, नाव व वर्ष लिहून, घरातील सर्वांत थंड जागी ठेवावे. त्यास उन्हाळ्यापेक्षाही त्यानंतरच्या पावसाळी दमट हवेचे भय अधिक असते.

कंद आणि फुटवे

डेलियाची पाने पिवळी पडून खोड वाळले की पाणी तोडावे. काही दिवसांनी कंद अलगद खणून काढावेत. नवा कोंब कंदाच्या फुगीर भागातून फुटत नाही. तो जुन्या खोडाला लागून असलेल्या मानेवरील डोळ्यातून फुटतो. मान तुटलेला कंद कितीही टपोरा असला तरी निरुपयोगी ठरतो. कंद सावलीत सुकवून कोरड्या वाळूत ठेवावेत. कुंडीतील कंद तसेच ठेवून, कुंडी सावलीत आडवी केली तरी चालते.

ग्लॅडिओलसचे गड्डे फुले संपल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी काढावेत. तोपर्यंत पाने कापू नयेत, कारण पानांनी तयार केलेल्या अन्नावरच नवा गड्डा पोसला जातो. सुकल्यावर तळाशी असलेला जुना, सुरकुतलेला गड्डा वेगळा करावा. भोवतालचे बारीक गड्डेही जपावेत. एक-दोन हंगामांत ते फुले देण्याजोगे होतात.

शेवंतीची गोष्ट अधिक नाजूक आहे. फुले सरल्यानंतर बुंध्यापासून निघालेले फुटवे लहान कुंड्यांत लावलेले असतात. पावसाळ्यातील फाटेकलमे त्यांच्याचपासून घ्यावयाची असतात. म्हणजे मे आणि जून हे दोन महिने ही मातृझाडे केवळ जिवंत ठेवणे, एवढेच ध्येय असते. दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा, माती ओलसर ठेवावी, परंतु पाणी साचू देऊ नये. या दिवसांत एखादे वाण गेले, तर डिसेंबरमध्ये ते पाहावयास मिळत नाही.

पाणी आणि आच्छादन

उन्हाळ्यात भरमसाट पाणी देणे ही सर्वांत सामान्य चूक होय. भर दुपारी माती ओली असतानाही पाने माना टाकतात, कारण मुळे जितके पाणी पुरवितात त्याहून अधिक पानांतून उडून जाते. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली, तर झाड तहानलेले नाही असे समजावे. मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे. आत ओल असेल तर थांबावे. रोज थोडे थोडे शिंपडण्याऐवजी, मोठ्या झाडांना अंतर राखून खोलवर भिजेल असे पाणी द्यावे, म्हणजे मुळे खाली उतरतात. पाणी पहाटे द्यावे हे उत्तम. उन्हात पडलेल्या नळीतील पहिले पाणी कढत असते. ते झाडावर सोडू नये.

दिल्लीच्या अनेक भागांतील भूजल क्षारयुक्त आहे. ते वापरल्यास कुंडीच्या कडेवर पांढरा थर जमतो आणि कोवळी पाने शिरा हिरव्या राहूनही पिवळी पडतात. अशा वेळी पाण्याचा निचरा सुधारावा व शेणखत अथवा पालापाचोळ्याचे खत यांचा वापर वाढवावा.

हे खत निसर्ग याच वेळी दारात आणून टाकतो. कडुनिंब, पिंपळ यांसारख्या वृक्षांची पानगळ दिल्लीत वसंतात होते. पूर्वी ही पाने सर्रास जाळली जात. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राजधानी परिसरात पाने जाळण्यास बंदी घातली व पाच हजार रुपयांचा दंड ठरविला. बागेच्या दृष्टीनेही जाळलेले पान वायाच जाते. त्याचा चार बोटे जाड थर झाडांच्या आळ्यांत पसरल्यास जमीन थंड राहते व पाण्याची बचत होते. उरलेली पाने खड्ड्यात, मधून मधून शेण घालून ओलसर ठेवावीत. शरद ऋतूत शेवंतीच्या कुंड्या भरताना व हिवाळी रोपांचे वाफे करताना हेच खत हाताशी येते.

उन्हाळी फुले आणि विसावा

बाग ओसाडच ठेवावी असे मात्र नाही. झिनिया, गलांडा, कोचिया, पोर्टुलाका, बटणफूल यांची रोपे मार्च-एप्रिलमध्ये, संध्याकाळच्या वेळी लावल्यास पावसाळ्यापर्यंत रंग टिकतो. मोगऱ्याचा तर हा ऐन बहराचा काळ आहे. गुलाबांची छाटणी आता करू नये, ती ऑक्टोबरची. केवळ सुकलेली फुले काढावीत व कलमाच्या जोडाखालून आलेले रानटी फुटवे मुळापासून तोडावेत. रासायनिक खते कडक उन्हात टाळावीत. हरळीची हिरवळ थोडी उंच राखावी, म्हणजे जमीन तापत नाही.

रिकामे झालेले वाफे खोल खणून मे महिन्याच्या उन्हात उघडे तापू द्यावेत. लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. उरलेल्यांतील पुष्कळशा उन्हाने वाळून जातात. मातीत दडलेल्या किडींचे कोषही मरतात. झाडाला घातक असलेले ऊन मातीला असे औषधासारखे उपयोगी पडते. जूनच्या अखेरीस पहिला पाऊस येईल, तेव्हा जमीन स्वच्छ व भुसभुशीत, बी कोरडे, कंद शाबूत आणि शेवंतीचे फुटवे जिवंत असले, म्हणजे या ऋतूतील माळ्याचे काम यथायोग्य पार पडले असे म्हणावे.