सांदवाडीचें कुंपण: आडोसा, हद्द व शेजार

“कुंपणानेंच शेत खाल्लें” ही म्हण रक्षकच भक्षक झाला म्हणजे आपण वापरतों. परंतु कुंपण अविचारानें घातलें असतां ती अक्षरशः खरी होते, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. हातभर जागेसाठीं घातलेलें कुंपण दोन घरांना वर्षानुवर्षें कचेरीच्या पायऱ्या चढावयास लावतें. पऱ्हाट्यांचें कुंपण पुढील हंगामाची अळी सांभाळून ठेवतें. आणि हौसेनें लाविलेली एखादी वनस्पति सारें शिवार गिळूं पाहते. म्हणून घरामागील सांदवाडीस कुंपण कोठें घालावें, कशाचें घालावें व कोणते नियम पाळावे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आडोशाची गरज

सांदवाडी म्हणजे शेतकऱ्याच्या घराचा अर्धा संसार. नहाणी तेथें, भांडीं घासण्याचा दगड तेथें, वाळवणें तेथें, चार वांग्या-मिरच्यांचीं झाडें तेथें. पूर्वीं शेजारचें घर एकमजली व कौलारू असे. आतां त्याच जागीं गच्चीचें पक्कें घर उभें राहतें, आणि घरांतील बायकांना स्वतःच्याच आवारांत अंधार पडेपर्यंत खोळंबून राहावें लागतें. आडोसा ही चैन नव्हे. ती घराच्या अब्रूची बाब आहे.

कायद्यासही ही गोष्ट अपरिचित नाहीं. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा मुंबई इलाख्यास १८९१ मध्यें लागू झाला. मध्यप्रांतांत, म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यांत, तो पहिल्यापासूनच होता. शेजाऱ्याच्या खासगीपणास मोठा बाध येईल अशी नवी खिडकी पाडूं नये, ही एखाद्या गांवची रूढि त्याच्या अठराव्या कलमांत उदाहरण म्हणून दिली आहे. मात्र अशी रूढि सिद्ध करावी लागते. यास्तव दुसऱ्याची खिडकी बंद करावयास जाण्यापेक्षां आपल्या बाजूस आडोसा उभा करणें शहाणपणाचें. तेथेंही एक मर्यादा आहे. शेजाऱ्याच्या घरानें वीस वर्षें हक्कानें व अखंड उपभोगिलेला उजेड व वारा त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमानें संरक्षित आहे. त्याच्या जुन्या खिडकीस भिंत चिकटवूं नये.

आधीं हद्द, मग खांब

आमच्याच घरचा अनुभव येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. वडिलांनीं जुन्या बोरीच्या झाडावरून हद्द धरली, लोखंडी खांब रोविले व तार ओढली. पुढें शेजाऱ्यांनीं मोजणी आणिली, तेव्हां खांबांची अर्धी रांग त्यांच्या जागेंत दीड हात गेलेली निघाली. खांब उपटावे लागले. तो खर्च गेलाच. पण दोन घरांतील बोलणें चार वर्षें बंद पडलें, आणि त्या अवधींत झालेल्या लग्नांना एकमेकांचीं माणसें गेलीं नाहींत. मोजणीची फी या नुकसानापुढें कांहींच नव्हती.

म्हणून तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरींत अर्ज करून शेजाऱ्यासमक्ष मोजणी करवावी व नकाशाची प्रत जपून ठेवावी. २०२० पासून स्वामित्व योजनेखालीं आबादीची मोजणी ड्रोननें होऊं लागली आहे. जेथें मिळकत पत्रिका मिळाली असेल तेथें ती आधीं पाहावी. हद्दीची खूण मोडणें वा हलविणें हा १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें दंडास पात्र असा अपराध आहे, हें विसरूं नये.

वाटेचा व पंचायतीचा विचार

आपल्या विदर्भांत मालगुजारीच्या काळापासून गांवच्या वाटा, पाणवठे व वहिवाटी यांची नोंद वाजिब-उल-अर्ज व निस्तार पत्रक यांत होत आली, आणि चालू संहितेनेंही हीं दोन्हीं दप्तरें कायम ठेविलीं आहेत. तीं तलाठ्याकडे पाहून घ्यावीं. सांदवाडी शेतास लागून असेल तर धुऱ्यावरील वाट बंद होत नाहीं ना, हें तपासावें. असा वाटेचा हक्क ठरविण्याचा अधिकार संहितेच्या १४३ व्या कलमानें तहसीलदारास आहे. चालती वाट कोणी अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखालीं सहा महिन्यांच्या आंत दाद मागतां येते.

गांवच्या रस्त्यावर वा सार्वजनिक जागेंत आलेलें कुंपण १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें अतिक्रमण ठरतें. पक्की भिंत बांधावयाची असल्यास ग्रामपंचायतीस आधीं लेखी विचारावें. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव अशा नगरपरिषदांच्या हद्दींत २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली पाहावी. तिच्याप्रमाणें आवाराची भिंत समोरील रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर उंच चालते, वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा वा उघड्या नक्षीचा ठेविल्यास २.४ मीटरपर्यंत जातां येतें. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर भिंत याहून ठेंगणी ठेवावी लागते, आणि फाटक आपल्या आवारांतच उघडलें पाहिजे.

कशाचें कुंपण?

पऱ्हाट्या फुकट मिळतात, म्हणून त्यांचेंच कुंपण करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. परंतु वाळक्या बोंडांत व पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी सुप्त राहते व पुढच्या कपाशीवर जाते. २०१७ च्या हंगामांत या अळीनें विदर्भांत केलेला नाश ताजा आहे. पऱ्हाट्यांचा भुगा करून खत करावें. त्यांचें कुंपण करूं नये. तुराट्यांना हा दोष नाहीं. पण वाळवी लागते, उंदीर शिरतात व उंदरांमागें साप येतो.

बांबूच्या ताट्या सुबक व वारा खेळता ठेवणाऱ्या असतात. बांबू तीन वर्षांवरील निवडावा व पावसाळ्यानंतर तोडावा. टोंकें मातींत पुरूं नयेत. विटेवर वा दगडावर टेकवावीं. २०१७ मध्यें वन कायद्यांत दुरुस्ती होऊन वनाबाहेरील बांबू “वृक्ष” या व्याख्येंतून वगळला गेला, त्यामुळें स्वतःच्या जागेंत तो लावून तोडण्याची अडचणही उरली नाहीं.

खांबांविषयीं एक सूचना. आपली काळी कन्हार जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, त्यामुळें खांब कलतात. खड्डा दोन फुटांहून कमी नसावा. त्यांत काढलेली काळी माती परत न भरतां दगड व मुरूम ठोकून भरावे. कोपऱ्याच्या खांबास तिरपा टेका द्यावा. भिंत बांधावयाची तर पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा, आणि पावसाचें पाणी शेजाऱ्याच्या दारीं तुंबणार नाहीं अशी मोरी ठेवावी.

सर्वांत टिकाऊ आडोसा जिवंत कुंपणाचा. मेंदी, अडुळसा, निर्गुडी व करवंद हीं त्यास उत्तम. अडुळसा व निर्गुडी यांस शेळ्या सहसा तोंड लावीत नाहींत. करवंद सावकाश वाढतें, पण कांटा व फळ दोन्ही देतें. मृगाच्या पावसाबरोबर दोन ओळींत, एकमेकींच्या फटी झांकतील अशा रीतीनें, फूटफूट अंतरावर रोपें लावावीं. वीतदीडवीत वाढतांच शेंडा छाटावा. हा शेंडा छाटण्याचा जिवावर येणारा हातच कुंपणास बुडापासून दाट करतो. न छाटलेली मेंदी वर झुपकेदार व खालीं उघडी राहते. रोपें हद्दीपासून दीड-दोन फूट आंत असावींत, म्हणजे छाटणीस दुसऱ्याच्या आवारांत शिरावें लागत नाहीं.

कांहीं वनस्पति टाळाव्या. शेराचा चीक डोळ्यांस घातक व मोगली एरंडाचें बीं विषारी. लेंकरांच्या घरीं तीं नकोत. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पोसतो व कपाशीवर उतरतो. घाणेरी, बेशरम व वेडी बाभूळ हद्द ओळखीत नाहींत. फड्या निवडुंगाचें उदाहरण डोळ्यांपुढें असावें. परदेशांतून आलेल्या या झाडानें दक्षिण भारतांत विस्तीर्ण जमीन व्यापिली होती. १९२६ मध्यें सिंहलद्वीपांतून त्याच्यावर जगणारा कोचिनील जातीचा कीटक आणून सोडिला, तेव्हां कोठें तें आटोक्यांत आलें.

रानडुकरांच्या त्रासानें कोणी तारेंत घरची वीज सोडतात. हें कृत्य बेकायदेशीर असून त्यानें शेजारची गाय, स्वतःचें मूल वा वाटसरू मरतो, आणि घालणारा तुरुंगांत जातो. झटका देऊन थांबणारें सौर कुंपण निराळें. तेंही शेतास शोभतें, सांदवाडीस नव्हे.

सारांश

आमची सूचना अशी: पहिल्या वर्षीं हद्दीच्या आंत बांबूच्या ताट्या उभ्या कराव्या व त्यांच्या पायथ्याशीं मेंदी वा अडुळसा लावावा. ताट्या कुजूं लागतील तोंवर रोपें माणसाच्या उंचीस आलेलीं असतात, आणि घर एक दिवसही उघडें पडत नाहीं. त्याहीपूर्वीं एक काम करावें. मोजणीचा नकाशा घेऊन शेजाऱ्याकडे जावें, त्याच्या ओसरीवर बसावें, आणि कुंपण कोठून जाईल, छाटणी कोण करील, खर्च निम्मा देतां का, हें विचारून दोघांच्या सहीचा साधा कागद करावा. बहुधा दोन कुंपणांऐवजीं एकच पुरतें. ज्या शेजाऱ्यापासून आपण आडोसा करतों त्याच शेजाऱ्यास रात्रीबेरात्रीं हांक मारावी लागते. तेवढी हांक ऐकूं जाईल इतकें कुंपण असावें.